८० जीबी मेमरी उपलब्ध दिसत असताना सर्व्हर स्वॅपमध्ये का जातो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेला सर्व्हर आहे, प्रत्येक सॉकेटला १२८ म्हणजे एकूण २५६ जीबी रॅम. त्यावर एकटा मायएसक्यूएल डेटाबेस चालतो, त्याच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनचा बफर पूल (डेटाची पानं रॅममध्ये ठेवायची जागा) १६० जीबीचा. ‘फ्री’ कमांडच्या ‘अव्हेलेबल’ रकान्यात जवळपास ८० जीबी दिसतात, तरी स्वॅप (रॅममधला मजकूर बाजूला लिहून ठेवायची डिस्कवरची जागा) ६ जीबीपर्यंत भरलाय आणि रात्रीच्या बॅकअपनंतर काही क्वेऱ्या मध्येच अडकतात. स्वॅपीनेस, म्हणजे लिनक्सने स्वॅपकडे किती झुकायचं ते सांगणारं सेटिंग, १ करून पाहिलं, उपयोग झाला नाही. आता रॅम वाढवायची की स्वॅप सरळ बंद करायचा, असं विचारलंय.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. तुमच्याकडे मेमरी कमी नाही, ती चुकीच्या बाजूला शिल्लक आहे. ‘फ्री’ दाखवते ती बेरीज. कर्नल (लिनक्सचा गाभा) मात्र जागा मोकळी करायला निघतो तेव्हा बेरीज बघत नाही, एकेका नोडचा, म्हणजे एकेका प्रोसेसरजवळच्या रॅमचा, हिशोब स्वतंत्र बघतो. नोड ० बफर पुलाने गच्च भरलाय आणि नोड १ वर फाइलींचा कॅश (डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची रॅममधली प्रत) साचलाय, असा माझा अंदाज आहे. अंदाजच म्हणतो, कारण तुम्ही नोडनिहाय आकडे दिलेले नाहीत, कर्नलची आवृत्ती आणि बायोसमधली सेटिंगंही लिहिलेली नाहीत. हा सर्व्हर म्हणजे क्लाउडमधली व्हर्च्युअल मशीन असेल तर ती चालवणाऱ्या हायपरव्हायझरने नोड लपवलेलेही असू शकतात, मग पुढचं बरंचसं लागू होणार नाही. पण दोन सॉकेट म्हणताय त्यावरून स्वतःचं हार्डवेअर आहे असं धरून चालतो.

आधी नोड कुठून आले ते. पूर्वी सगळे प्रोसेसर एकाच बसवरून नॉर्थब्रिजमधल्या मेमरी कंट्रोलरकडे जायचे, त्यामुळे कुठल्याही सीपीयूला कुठलीही रॅम सारखीच लांब होती. एएमडीने २००३ च्या ऑप्टेरॉनमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत आणला. इंटेलच्या दोन सॉकेटच्या झिऑनमध्ये ते २००९ साली नेहेलम पिढीबरोबर आलं. तेव्हापासून प्रत्येक सॉकेटच्या स्लॉटमधली रॅम त्या सॉकेटची झाली. दुसऱ्या सॉकेटची रॅम वापरता येते, प्रोग्रॅमला त्यात काही वेगळं करावं लागत नाही, पण प्रत्येक वेळी सॉकेटांमधली लिंक ओलांडावी लागते. जवळच्या रॅमला साधारण ८० ते १०० नॅनोसेकंद लागत असतील तर पलीकडच्या रॅमला १३० ते १५० च्या आसपास. यालाच नुमा (नॉन-युनिफॉर्म मेमरी अॅक्सेस) म्हणतात आणि प्रत्येक तुकड्याला नोड.

‘नुमासीटीएल’ या कमांडला हार्डवेअरची माहिती मागितली की ती नोडांची यादी आणि अंतरांचा तक्ता देते. स्वतःपासून स्वतःचं अंतर १०, शेजाऱ्याचं बहुधा २१, काही मशिनींवर ३२. हे आकडे फर्मवेअरने सांगितलेले असतात, कोणी मोजलेले नसतात. २१ दिसलं म्हणजे पलीकडची मेमरी २.१ पट संथ, असा अर्थ काढू नका. कर्नलला त्यांचा मुख्य उपयोग एवढाच की जवळचं संपल्यावर कोणाकडे आधी मागायचं ते ठरवणं. आणि एक सॉकेट म्हणजे एकच नोड असंही नेहमी नसतं. एएमडीच्या २०१७ च्या पहिल्या पिढीच्या एपिक प्रोसेसरमध्ये एका सॉकेटमध्येच चार नोड होते, नंतरच्या पिढ्यांत ते बायोसमधून ठरवता येतं, इंटेलमध्येही सब-नुमा क्लस्टरिंग चालू असेल तर सॉकेट विभागला जातो. म्हणून लेबलवर काय लिहिलंय ते सोडा, आधी ही यादी बघा.

आता मेमरी वाटली कशी जाते ते. मायएसक्यूएल सुरू होताना १६० जीबी मागतो तेव्हा कर्नल त्याला प्रत्यक्षात काहीच देत नाही, फक्त पत्त्यांचा पट्टा नावावर करतो. खरी रॅम मिळते ती त्या पट्ट्यातल्या एखाद्या पेजला (मेमरीच्या छोट्या ठरावीक तुकड्याला) पहिल्यांदा हात लागतो तेव्हा. पेज फॉल्ट होतो, कर्नल बघतो की या पट्ट्यासाठी किंवा या थ्रेडसाठी (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्यासाठी) काही धोरण सांगितलंय का. नसेल, तर हात लावणारा थ्रेड त्या क्षणी ज्या सीपीयूवर आहे त्याच्या नोडवरची रॅम देतो. म्हणजे मेमरी कोणी मागितली याला महत्त्व नाही, आधी कोणी शिवली याला आहे. एकदा दिलेलं पेज तिथेच राहतं. शेड्युलरने नंतर तो थ्रेड दुसऱ्या सॉकेटवर नेला तरी पेज मागे येत नाही. ऑटोमॅटिक नुमा बॅलन्सिंग चालू असेल तर ते पेजं हलवू शकतं, त्यावर खाली बोलतो.

डेटाबेसच्या बाबतीत याचा परिणाम वाकडा होतो. सुरुवातीला पूल भरायचं काम मोजके थ्रेड करतात. शेवटच्या वेळी साठवलेली यादी वाचून पूल परत तापवायची, म्हणजे आधीचीच पानं आत आणायची, सोय चालू असेल तर ते काम एका पार्श्वभूमीच्या थ्रेडकडून सुरू होतं. तो नोड ० वर असला की नोड ० भरत जातो.

नोड ० भरल्यावर काय होतं? प्रत्येक नोडकडे बाकीच्या नोडांची क्रमवार यादी असते. कर्नल आधी स्वतःच्या नोडवर बघतो, तिथली मोकळी पेजं ‘लो’ नावाच्या खुणेच्या खाली गेली असतील तर यादीतल्या पुढच्या नोडवर जातो. म्हणून १२८ जीबीच्या नोडवर १६० जीबीचा पूल बसतो, उरलेला भाग निमूट नोड १ वर जातो. इथपर्यंत कोणाला त्रास नाही. स्वॅपही नाही.

त्रास सुरू होतो तो सगळेच नोड लो खुणेला टेकल्यावर. काही आठवडे चाललेल्या कुठल्याही लिनक्स सर्व्हरची ही नेहमीची अवस्था आहे, कारण मोकळी रॅम दिसली की कर्नल ती फाइलींच्या कॅशला देतो. तुमचा बॅकअप दर रात्री शेकडो जीबी वाचतो, त्यामुळे नोड १ वरची उरलेली जागा कॅशने भरते, नोड ० वरचे उरलेसुरले कोपरेही भरतात. आता नवीन पेज हवं असेल तर जुनं काढावंच लागणार. हे काम करणारा केस्वॅपडी एक नसतो, प्रत्येक नोडचा वेगळा असतो. ‘टॉप’मध्ये केस्वॅपडी० आणि केस्वॅपडी१ अशी दोन नावं दिसतात ती हीच. दोघांनाही जाग येते आणि दोघंही फक्त आपल्या नोडवर शोधतात.

नोड १ वरच्या केस्वॅपडीला चंगळ आहे. त्याच्याकडे ८० जीबी फाइल कॅश आहे, त्यातली जुनी पेजं टाकून दिली की झालं, डिस्कवर त्यांची प्रत असतेच. नोड ० वरच्या बिचाऱ्याकडे जवळजवळ सगळी पेजं बफर पुलाची. ती टाकून देता येत नाहीत, स्वॅपमध्येच लिहावी लागतात. शेजारी ८० जीबी सहज सुटण्यासारखे आहेत हे त्याच्या हिशोबात येतच नाही. दोन विंगच्या सोसायटीत दोन टाक्या असतात, सेक्रेटरी एकूण लिटर सांगतो आणि ए विंगचे नळ मात्र कोरडे, तशातला हा प्रकार.

स्वॅपीनेस १ ने फरक का पडला नाही, तेही इथेच कळतं. त्या आकड्याने कर्नलला सांगता येतं की फाइल पेजं आधी काढ, प्रोग्रॅमची पेजं शक्यतो सोड. पण ही निवड नोडपुरती होते. आणि कर्नलमध्ये एक आडवी अट आहे: त्या नोडवरची फाइल पेजं आणि मोकळी पेजं मिळून ‘हाय’ खुणेइतकीही (ती ‘लो’च्या वर असते) उरली नसतील, तर स्वॅपीनेस काहीही असो, प्रोग्रॅमची पेजं काढायला घ्यायची. कारण तसं केलं नाही तर चालत्या प्रोग्रॅमचा कोडच सतत बाहेर फेकला जाईल आणि लगेच परत वाचावा लागेल. स्वॅपीनेस १ मुळे नोड ० वरची थोडीफार फाइल पेजं उलट लवकर संपतात आणि ही अट लागू होते. सगळ्या मशीनचा विचार केला तर फाइल पेजं भरपूर आहेत, नोड ० वर नाहीत. स्वॅपीनेस ० केलं तरी ही अट सुटत नाही.

अडकणाऱ्या क्वेऱ्यांचं कारण याच्या एक पायरी पुढे आहे. लो खुणेखाली केस्वॅपडी पार्श्वभूमीला काम करतो, तोवर क्वेरीला फारसं जाणवत नाही. मोकळी पेजं ‘मिन’ खुणेच्याही खाली गेली की पेज मागणाऱ्या थ्रेडलाच सफाईला जुंपलं जातं. तो थ्रेड म्हणजे तुमच्या ग्राहकाची क्वेरी. मिन, लो आणि हाय या खुणांमधलं अंतर मूळ सेटिंगप्रमाणे नोडच्या मेमरीच्या ०.१ टक्का असतं, म्हणजे १२८ जीबीच्या नोडवर जेमतेम १३० एमबी. बॅकअप चालू असताना आणि पाच-पन्नास कनेक्शनं एकदम उघडली असताना १३० एमबी किती वेळ पुरणार? मोठ्या रॅमच्या डेटाबेस मशिनींवर मी हे अंतर ठरवणारा वॉटरमार्क स्केल फॅक्टर १० वरून ५० ते १०० च्या दरम्यान नेतो. केस्वॅपडी लवकर उठतो, जास्त मोकळं करून झोपतो, क्वेरीवर पाळी कमी येते. मूळ दुखणं यानं जात नाही, झटके मात्र कमी होतात. आणि याला रीस्टार्टही लागत नाही.

अंदाज बरोबर आहे का ते तपासायला तीन गोष्टी बघा. ‘नुमास्टॅट’ ही कमांड ‘एम’ पर्याय देऊन चालवा. ‘मेमइन्फो’ या सिस्टिम फाइलमधलेच आकडे नोडनिहाय दोन रकान्यांत मिळतील. त्यात मेमफ्री, फाइलपेजेस आणि अॅनॉनपेजेस या ओळी शेजारी शेजारी वाचा; अॅनॉन म्हणजे फाइलशी न जोडलेली, प्रोग्रॅमची स्वतःची पेजं. मी म्हणतोय तसं असेल तर नोड ० वर अॅनॉन १२० च्या घरात आणि फाइल नगण्य, नोड १ वर अॅनॉन ४० आणि फाइल ८० च्या आसपास दिसेल. मग त्याच कमांडला ‘पी’ पर्यायासोबत मायएसक्यूएलचा प्रोसेस आयडी द्या, पूल कुठे किती आहे ते कळेल. तिसरं म्हणजे झोन रीक्लेम मोड ० आहे की नाही. हा १ असेल तर कर्नल शेजारच्या नोडवर जाण्याआधी स्वतःच्याच नोडवर जागा काढत बसतो. २०१४ च्या ३.१६ कर्नलपासून तो ० असतो, त्याआधी अंतर जास्त असलेल्या मशिनींवर आपोआप चालू व्हायचा. पण जुन्या ट्यूनिंग स्क्रिप्टमधून तो अजूनही १ झालेला सापडतो. डेटाबेस मशिनीवर १ दिसला तर दुसरं काही करण्याआधी ० करा.

नुमास्टॅट नुसती चालवली की ‘नुमा मिस’ आणि ‘नुमा फॉरेन’चे मोठमोठे आकडे दिसतात आणि लोक घाबरतात. ते बूट झाल्यापासूनचे एकूण आकडे आहेत, आणि एका नोडवर हवं होतं पण दुसऱ्यावर मिळालं एवढंच सांगतात. दूरची मेमरी किती वेळा वाचली याची ती मोजणी नाही. मी त्यांच्याकडे फारसं बघत नाही.

आता उपाय. तुमच्या परिस्थितीत पूल दोन्ही नोडांवर एकाआड एक पसरवणं योग्य, म्हणजे इंटरलीव्ह धोरण. मायएसक्यूएलच्या कॉन्फिगमध्ये ‘इनोडीबी नुमा इंटरलीव्ह’ नावाचा पर्याय आहे, तो चालू करून रीस्टार्ट करायचा. तुमच्या पॅकेजमध्ये नुमाचा आधार नसेल तर हा पर्याय दिसणार नाही, मग सर्व्हिसच नुमासीटीएलमधून ‘इंटरलीव्ह ऑल’ने सुरू करा. सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्येही नुमा धोरण लिहिता येतं. फरक एवढाच की पहिल्या पर्यायात फक्त बफर पूल पसरतो, बाकीची मेमरी जवळच्या नोडवरूनच मिळते, आणि तेच बरं. नुमासीटीएलने सगळंच पसरतं.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की निम्मी वाचनं मुद्दाम दूरची करून घेताय. बरोबर आहे, पण आत्ता काय होतंय? क्वेऱ्या दोन्ही सॉकेटांच्या सीपीयूंवर चालतात आणि कुठल्या क्वेरीला कुठलं पान लागेल याचा नेम नाही. पूल एका नोडवर असो की दोन्हींवर, सरासरीने निम्मी वाचनं दूरचीच. मेमरी जवळ ठेवायच्या धोरणाचा फायदा होतो तो काम आणि डेटा जोडीने राहतात तेव्हा. एकाच मोठ्या सामाईक पुलाला ते लागू नाही. उलट सगळी वाचनं एकाच मेमरी कंट्रोलरवर पडून दुसरा रिकामा बसतो, तो तोटा वेगळा. आणि दूरच्या वाचनाला ५० नॅनोसेकंद जास्त गेले तरी एक पेज स्वॅपमधून आणायला एसएसडीवरही त्याच्या हजारपटीहून जास्त वेळ लागतो.

रीस्टार्ट करताना एक काळजी घ्या. इंटरलीव्ह सांगितलं तरी ठरलेल्या नोडवर मोकळं पेज नसेल तर कर्नल दुसऱ्यावरून देतो. नोड १ आधीच फाइल कॅशने भरलेला असेल तर वाटणी पुन्हा तिरकी होईल. म्हणून मायएसक्यूएल बंद केल्यावर, परत सुरू करण्याआधी, ‘सिंक’ करून ‘ड्रॉप कॅशेस’ या कर्नलच्या सेटिंगमध्ये १ लिहा, म्हणजे फाइल कॅश रिकामा होईल. एरवी चालत्या सर्व्हरवर कॅश पुसायचा सल्ला मी कोणाला देत नाही, पण या एका क्षणी तो रास्त आहे.

बॅकअपचाही बंदोबस्त करा. त्याला सीग्रुपची (प्रोसेसांच्या गटाला बांधून ठेवायची कर्नलची सोय) मेमरी मर्यादा घाला, सिस्टिमडी रनने ते एका ओळीत होतं. त्याने वाचलेल्या फाइलींचा कॅश त्याच्याच नावावर पडतो, त्यामुळे मर्यादा गाठली की तो स्वतःचीच जुनी पेजं टाकत पुढे जातो, पुलाकडे बघत नाही. इनोडीबीची फ्लश पद्धत ओ-डायरेक्ट, म्हणजे कर्नलचा कॅश टाळणारी, आहे ना तेही बघून घ्या. नसेल तर तीच पानं पुलात आणि कर्नलच्या कॅशमध्ये अशी दोनदा साठताहेत.

स्वॅप बंद करायचा विचार सोडून द्या. स्वॅप नसेल तर नोड ० वरच्या केस्वॅपडीकडे उरलेली थोडी फाइल पेजं तेवढी राहतात, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड आणि लायब्रऱ्या. तो तीच काढत बसेल, आणि स्वॅपच्या आलेखावर काहीही न दिसता मशीन संथ होईल. ते शोधणं जास्त अवघड. दुसरं, कोणी उद्या मायएसक्यूएलला नोड ० वर कडक ‘बाइंड’ केलं, म्हणजे दुसरीकडून मेमरी घ्यायची मनाई केली, तर शेजारी ८० जीबी असूनही ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी कर्नलची सोय) येऊन त्याला मारेल. तशा वेळी कर्नलच्या लॉगमध्ये अडचण मेमरी पॉलिसीची किंवा सीपीयूसेटची होती असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण रात्री अडीच वाजता ती ओळ कोण वाचतो! एखाद्या नोडकडे कल द्यायचाच असेल तर ‘प्रिफर्ड’ वापरा, बाइंड नको.

रॅम पुढेमागे घेतलीत तर दोन्ही सॉकेटांना सारखी घाला. पैसे वाचवायला एकाच बाजूच्या स्लॉटांत नव्या काड्या घातलेल्या मशिनी मी पाहिल्या आहेत: एक नोड १२८ चा, दुसरा २५६ चा. साधं इंटरलीव्ह दोघांना समान वाटत जातं, लहान नोड आधी भरतो आणि तुमचा आजचाच प्रश्न नव्याने उभा राहतो. ६.९ कर्नलपासून वजन देऊन इंटरलीव्ह करता येतं, पण ते मुख्यतः वेगवेगळ्या बँडविड्थच्या मेमरीसाठी आणलंय, जसं की सीएक्सएल या जोडणीवरून लावलेली रॅम, जिच्या नोडवर सीपीयूच नसतो. दोन सॉकेटच्या साध्या मशिनीत काड्या सारख्या लावणं स्वस्त पडतं.

ऑटोमॅटिक नुमा बॅलन्सिंगबद्दल. हे चालू असताना कर्नल थोडीथोडी पेजं मुद्दाम अडवतो, कोणत्या नोडवरून फॉल्ट येतो ते बघतो आणि पेज तिकडे हलवायचा प्रयत्न करतो. एका नोडवर मावणाऱ्या कामांना, वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशिनींना ते उपयोगी पडतं. दोन्हीकडून वाचल्या जाणाऱ्या पुलासाठी फॉल्टांचा खर्च होतो आणि पेजं उगाच इकडून तिकडे जातात. इंटरलीव्ह सांगितलेल्या भागाला ते साधारणतः हात लावत नाही, म्हणून पर्याय बदलल्यावर हा मुद्दा बराचसा निकालात निघतो. मी डेटाबेसवर बंद ठेवतो, पण दोन्ही प्रकारे तासभर लोड चालवून बघणं कधीही चांगलं.

यावरून सगळीकडे इंटरलीव्ह लावत सुटू नका. त्याच मशिनीवर १६० च्या एका पुलाऐवजी ६० जीबीचे दोन स्वतंत्र इन्स्टन्स असते तर मी उलट सांगितलं असतं: प्रत्येकाचे सीपीयू एका सॉकेटवर बांधा, मेमरीचा कल त्याच नोडकडे ठेवा. जावाचे मध्यम हीप, केव्हीएमचे पाहुणे (त्यावर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशिनी), नेटवर्क पॅकेट हाताळणारे प्रोग्रॅम यांनाही जवळची मेमरीच मानवते. काम एका नोडवर मावतं का, हा पहिला प्रश्न. मावत असेल तर जवळ ठेवा, मावत नसेल तर पसरवा.

तर क्रम असा ठेवा. आजच नोडनिहाय आकडे काढून झोन रीक्लेम मोड बघा आणि वॉटरमार्क स्केल फॅक्टर वाढवा, बॅकअपला मर्यादा घाला. पुढच्या मेंटेनन्सच्या वेळी मायएसक्यूएल बंद, कॅश रिकामा, इंटरलीव्ह चालू, परत सुरू. नंतर पूल तापल्यावर ‘पी’ पर्यायाची नुमास्टॅट दोन्ही नोडांवर सुमारे ८०-८० जीबी दाखवायला हवी. स्वॅपचा ‘यूज्ड’ आकडा बघत बसू नका. इतर प्रोसेसांची एकदा बाहेर गेलेली पेजं कोणी मागेपर्यंत तिथेच पडून राहतात, त्यांनी काही बिघडत नाही. ‘व्हीएमस्टॅट’मधले ‘एसआय’ (स्वॅपमधून आत) आणि ‘एसओ’ (स्वॅपकडे बाहेर) रकाने बॅकअपच्या वेळी बघा. ते शून्याच्या आसपास राहिले आणि तरीही क्वेऱ्या अडकल्या, तर दोन्ही नोडांचे आकडे, कर्नलची आवृत्ती आणि ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसचं (आपोआप मोठी पेजं वापरण्याचं) सेटिंग इथे टाका. मोठी सलग पेजं जुळवण्यासाठी चालणारी कॉम्पॅक्शन हा माझा पुढचा संशयित असेल.